तातडीचं बटण आणि इस्माईलभाईंचा आवाज

"मॅडम, माझा आवाज मले वापस द्या," इस्माईलभाई म्हणाले.

मी तेव्हा एका बटणाचा रंग बदलत होते. क्लायंटला हिरवा नको होता, "जरा कमी हिरवा" हवा होता. इस्माईलभाई समोरच्या खुर्चीवर बसले, गळ्यातला मफलर काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा म्हणाले, "हंसी-मजाक नाही करून राहिलो. आवाज वापस पाहिजे. आजच."

आत बसलेल्या मोहोड सरांनी हे ऐकलं आणि फोनवर कोणाशी तरी बोलत असल्याचं दाखवायला लागले. फोन सकाळपासून बंद होता.

इस्माईलभाईंचा आवाज आमच्याकडे कसा आला, ते आधी सांगते.

अकोल्यात जुन्या बसस्टँडजवळ, एका सायकलच्या दुकानावर, आमच्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या. बाहेर 'सॉफ्टवेअर सोल्युशन्स' असा बोर्ड होता आणि त्याच्या खाली, त्याच आकारात, 'झेरॉक्स, लॅमिनेशन'. मोहोड सर मालक, मूळ अमरावतीचे. मी एकटीच प्रोग्रामर, म्हणून कार्डावर 'चीफ प्रोग्रामर'. क्लायंटनं काहीही मागितलं की मोहोड सर म्हणायचे, "होऊन जाईन." काय होऊन जाईल आणि कसं, ते मला नंतर कळायचं.

एके दिवशी त्यांनी असंच "होऊन जाईन" म्हणून अकोल्यापासून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावातलं काम आणलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांकडे अजून माझा नंबर आहे.

काम कापूस खरेदी केंद्राचं होतं. ती वर्षं वाईट होती. बाहेर व्यापाऱ्यांचे भाव पडले की अख्खा तालुका आपला कापूस घेऊन सरकारी केंद्रावर यायचा. बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर, सगळ्यांची रांग केंद्राच्या फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत. लोक गाडीखाली झोपायचे, तिथेच तीन दगडांची चूल मांडायचे. कोणाचा नंबर आला हे एक शिपाई ओरडून सांगायचा. तो ज्या बाजूला तोंड करून ओरडायचा त्या बाजूला ऐकू जायचं. मग दुसऱ्या बाजूचे लोक त्याच्या अंगावर जायचे. आदल्या सीझनमध्ये तर एकाचं डोकं फुटलं होतं. तेव्हा वरून आदेश आला की केंद्र कॉम्प्युटराइज करा. त्या काळात हे औषध सगळ्यावर चालायचं.

केंद्राचे प्रमुख काळे साहेब. पुण्याकडून बदली होऊन आलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. आमच्या भागातल्या लोकांचं सरळ बोलणं त्यांना भांडणासारखं वाटायचं, आणि त्यांचं मऊ बोलणं लोकांना चालूपणासारखं.

त्यांना हवा होता तो प्रोग्राम अगदी साधा होता. फाटकावर प्रत्येक गाडीला नंबराची चिठ्ठी मिळणार. केबिनमध्ये कॉम्प्युटर, त्याच्या पडद्यावर एक खिडकी. तिला आम्ही फॉर्म म्हणतो. फॉर्मवर तीन मोठी बटणं. 'पुढील' दाबलं की बाहेरच्या भोंग्यातून पुढच्या गाडीचा नंबर पुकारला जाईल. 'पुन्हा' दाबलं की तोच नंबर परत. तिसरं बटण 'तातडी'. रांगेत कोणी आजारी पडलं, कोणाचा बैल बसला, तर ती गाडी मधूनच आत घ्यायची. हे बटण काळे साहेबांनीच मागितलं होतं आणि मागितलं ते योग्यच होतं.

ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांना वाटतं की बटणात काहीतरी असतं. बटणात काही नसतं. ते एक चित्र असतं. प्रोग्राम वॉचमनसारखा स्टुलावर बसलेला असतो. क्लिक झालं की उठतो, त्या बटणाखाली आपण जे लिहून ठेवलंय ते करतो आणि परत जाऊन बसतो. क्लिक कोणी केलं, का केलं, हे तो विचारत नाही. आम्ही याला इव्हेंट म्हणतो. सगळं शिक्षण घेऊन आम्ही एवढंच करतो: कोणी काय दाबलं तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवतो.

अवघड काम आकड्यांचं निघालं. इंग्रजीत थोडे शब्द रेकॉर्ड केले की बाकीचे आकडे जोडून तयार होतात. मराठीत तसं नाही. बेचाळीस वेगळा, त्रेचाळीस वेगळा, एकोणपन्नासचा पन्नासशी संबंध फक्त कागदावर. शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्र रेकॉर्ड करावा लागतो. पुढे मग 'एकशे' ला 'बावीस' चिकटवता येतं.

आधी मी माझ्याच आवाजात केलं. ते ऐकून केंद्रावरचा ऑपरेटर गजानन म्हणाला, "मॅडम, हे शाळेतल्या हजेरीसारखं वाटून राहिलं. कोणी उठणार नाही. इथं इस्माईलभाई पाहिजे."

गजानन चाळिशीचा, पूर्वी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होता. कॉम्प्युटर त्याच्या माथी मारला गेला होता आणि माउसला तो विंचवासारखा दोन बोटांनी धरायचा. पण सल्ला बरोबर होता. इस्माईलभाई म्हणजे त्या गावाचा आवाज. ऑटोवर भोंगा बांधून गावभर फिरायचे. साड्यांचा सेल, कुस्त्यांची दंगल, नळाला पाणी कधी येणार, कोणाचं लेकरू हरवलं, सगळं तेच सांगायचे. गावात त्यांना चेहऱ्यानं न ओळखणारे लोक होते, आवाजानं न ओळखणारं कोणी नव्हतं. आणि याची सर्वांत जास्त जाणीव स्वतः इस्माईलभाईंना होती.

रेकॉर्डिंगला ते अत्तर लावून आले. लवंग दाढेखाली धरली. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. ऑक्टोबरचं ऊन, खालून सायकलवाल्याची ठोकाठोक. प्रत्येक आकड्याआधी ते "बंधू आणि भगिनींनो" म्हणायला लागले.

"इस्माईलभाई, फक्त आकडा."

"मॅडम, नुसता आकडा बोलला त नंगा वाटते."

शेवटी ते तयार झाले, पण प्रत्येक आकड्यात त्यांनी काहीतरी घातलंच. छत्तीस असा म्हटला जणू भांडण झालंय. त्र्याहत्तर ऐकून डोळ्यात पाणी यावं. 'एकोणऐंशी' वर आमचं वाजलं. ते म्हणत होते 'एकुणंशी', आणि गावात सगळे तसंच म्हणतात हेही खरं होतं. काळे साहेबांना शुद्ध पाहिजे होतं. मी दोन्ही रेकॉर्ड केले आणि गावाचा वापरला. साहेबांना फरक कळला नाही.

केंद्र सुरू झालं त्या दिवशी गजाननानं 'पुढील' वर डबल क्लिक केलं. कॉम्प्युटर क्लासमध्ये त्याला तेच शिकवलं होतं, की काहीही उघडायचं तर दोनदा दाबायचं. बटणाला एकदाच पुरतं. दोनदा दाबलं की दोन गाड्या. काट्यावर, म्हणजे वजनाच्या फळीवर, दोन बैलजोड्या समोरासमोर आल्या. मी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: बटण दाबलं की ते फिकं पडून बंद व्हायचं आणि इस्माईलभाईंचं बोलणं संपेपर्यंत उघडायचंच नाही. गजानन त्या फिक्या बटणाकडे बघून म्हणाला, "आता हे माह्यावर नाराज झालं."

मग लोडशेडिंग. कॉम्प्युटर बॅटरीवर होता, पण भोंग्याचा ॲम्प्लिफायर नव्हता. एकदा "गाडी नंबर एकशे" एवढं म्हणून होताच लाइट गेली. शंभराच्या पुढच्या चिठ्ठ्या ज्यांच्या हातात होत्या त्या सगळ्यांनी गाड्या जुंपल्या. इस्माईलभाईंनीच दुसऱ्या दिवशी ऑटोसारखी एक बॅटरी ॲम्प्लिफायरला जोडून दिली आणि तो प्रश्न मिटला.

त्यानंतर काम खरंच चांगलं चाललं. भोंगा चारी दिशांना ऐकू जायचा. धक्काबुक्की थांबली. लोक निवांत जेवायचे, पत्ते खेळायचे, नंबर जवळ आला की उठायचे. इस्माईलभाई यार्डासमोरच्या टपरीवर चहा घेत स्वतःला ऐकायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "मीच हो तो."

मोहोड सरांनी आणखी दोन केंद्रांवर "होऊन जाईन" म्हणून ठेवलं.

आणि दिवाळीनंतर, भर सीझनमध्ये, इस्माईलभाई आवाज परत मागायला आमच्या दुकानात आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते तिसरं बटण. तातडीचं. ते दाबून राहिले."

"ते दाबायलाच दिलंय."

"दिवसभर दाबून राहिले, मॅडम. भाऊसाहेबांचा फोन आला का दाबतात."

भाऊसाहेब म्हणजे तिथले वजनदार पुढारी. निवडणूक कोणतीही असो, त्यांचा माणूस उभा असायचा आणि बहुतेक वेळा निवडूनही यायचा. त्यांच्या पाहुण्यांच्या, पुतण्यांच्या, पुतण्यांच्या मित्रांच्या ट्रॉल्या मागून यायच्या. केबिनमधला फोन वाजायचा, गजानन 'तातडी' दाबायचा, ट्रॉलीचा नंबर टाकायचा, आणि भोंग्यातून इस्माईलभाईंचा दणदणीत आवाज यायचा, की गाडी नंबर अमुक, काट्यावर या. चार दिवस रांगेत बसलेली माणसं बघत राहायची.

"पण यात तुमचा काय संबंध?" मी म्हटलं. "सगळ्यांना माहीत आहे की मशीन बोलतं."

"कोणाले माहीत आहे?" इस्माईलभाई म्हणाले. "मले सांगा, कोणाले? लोकं आवाज ऐकतात. आवाज माह्या आहे. काल टपरीवर वच्छलाबाईनं मले धरलं. गाडी घेऊन एकटी आली ते बाई, नवरा नाही. म्हणे, काहून रे इस्माईल, तुले लहानपणापासून ऐकून राहिली मी, आता माह्या नंबर खाऊन दुसऱ्याचा पुकारतो? मी म्हटलं, मी त इथं चाय पेऊन राहिलो. त्याच टायमाले भोंग्यातून मीच बोललो. आता काय सांगू तिले?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"हसू नका. आयका पुढं. परवा नगरपरिषदेनं सांगतलं, दोन दिवस नळ येणार नाही, सांगून ये. मी गल्लीगल्लीत सांगतलं. कोणी एक बादली भरली नाही. म्हणे, इस्माईल आता पैसेवाल्याचं बोलते, टँकरवाल्यानं सांगतलं असन. दोन दिवस गाव कोरडं राह्यलं. आणि आता म्हणतात का इस्माईलनं नीट सांगतलं नाही." त्यांनी मफलर पुन्हा गळ्यात घातला. "माह्याकडं जमीन नाही, दुकान नाही. लेकरू हरवलं त लोकं माह्याकडं येतात, काहून का माह्यावर भरोसा ठेवतात. तो गेला त मी भोंगा कशासाठी बांधू?"

आता मोहोड सरांना बाहेर यावंच लागलं.

"भाई, आवाज काढता येत नाही," ते म्हणाले. "चालू सीझन आहे. दुसरा आवाज बसवायचा म्हणजे सगळे आकडे नव्यानं. आणि ते केंद्र आपलं डेमो आहे."

"मंग तातडीचं बटण काढा."

"ते साहेबांनी मागितलं. उद्या खरंच कोणी आजारी पडला त?"

हे खरं होतं. खाली सायकलवाला कोणत्या तरी चाकाला बडवत होता.

मग इस्माईलभाई म्हणाले, "मॅडम, मी सेलची जाहिरात करतो, त शेवटी दुकानाचं नाव सांगतो. लेकरू हरवलं त बापाचं नाव सांगतो. कोणाच्या वतीनं बोलून राहिलो ते सांगतल्याशिवाय मी भोंगा बंद करत नाही. धंद्याचा रिवाज आहे. मंग इथं काहून नाही? गाडी मधात घ्या, पण कोणाच्या सांगण्यावरून घेतली ते मले बोलू द्या."

"हे नाही होणार," मोहोड सर म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

"नाव नको," मी म्हटलं. "कारण सांगूया. 'तातडी' दाबलं की कारण विचारायचं. कारण निवडल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि ते कारण इस्माईलभाई बोलतील."

मी कागदावर काढून दाखवलं. छोटी खिडकी, तिच्यात गोल गोल टिकल्या, एका वेळी एकच निवडता येते. यांना ऑप्शन बटण म्हणतात. माणूस आजारी. बैल आजारी. कापूस भिजत आहे. खाली 'ठीक' चं बटण, टिकली निवडेपर्यंत फिकं.

मोहोड सरांनी पेन घेतला आणि चौथी ओळ लिहिली: इतर.

"इतर म्हणजे कोण?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"म्हणजे बाकीचं. काहीही."

"असं मी पुकारत नाही. भोंग्यावरून 'इतर' बोललो त लोकं म्हणतील, इस्माईलले भांग चढली."

"अहो, सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतंच."

"मी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही बोलत. मी याच्यात बोलतो."

त्यांनी रेकॉर्डिंगच केलं नाही त्या शब्दाचं. तीन कारणं मात्र मनापासून म्हटली. "बैल आजारी" मध्ये इतकी कणव होती की मला त्यांना एकदा थोडं कमी करायला सांगावं लागलं.

काळे साहेबांना दाखवायला मी स्वतः गेले. त्यांना कल्पना फार आवडली. "कारण नोंदवलं जाणार, उत्तम. ऑडिटला विचारलं तर दाखवता येईल." मी स्पष्ट सांगितलं, "साहेब, हे कारण बाहेर भोंग्यावर बोललंही जाईल." ते म्हणाले, "बोलू द्या की. आवाज चांगला आहे त्यांचा." मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी खरोखरचा आजारी बैलच होता. चांगल्या माणसांचं हे असं होतं.

नवा प्रोग्राम घातला त्या दिवशी मी केबिनमध्येच होते. नवीन काही बसवलं की पहिला दिवस तिथे बसायचं, हा नियम मी डबल क्लिकनंतर केला होता. सकाळ शांत गेली. जेवणाच्या सुमाराला फोन वाजला. गजाननानं उचलला, "हाव भाऊसाहेब, हाव" म्हणाला आणि 'तातडी' दाबलं. खिडकी उघडली.

तो खिडकीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "मॅडम, हे कारण विचारून राहिलं."

"हो."

"मंग काय दाबू?"

"जे असेल ते."

"जे आहे ते याच्यात नाही."

त्यानं 'ठीक' वर क्लिक करून पाहिलं. फिकं बटण ढिम्म. फोनचा रिसीव्हर टेबलावर तसाच होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता, "गज्या, झालं का रे?" गजाननानं कपाळ पुसलं. पहिल्या टिकलीवर बाण नेला, थांबला. तिसऱ्यावर नेला, खिडकीबाहेर बघितलं. आकाश धुतल्यासारखं निळं. मग त्यानं मधली टिकली निवडली.

भोंगा वाजला. इस्माईलभाई आपल्या सगळ्या कणवेसह बोलले: "तातडीची गाडी. नंबर एकशे चौऱ्याण्णव. कारण, बैल आजारी. काट्यावर या."

यार्डातले लोक उठून बघायला लागले. कोणाचा बैल, म्हणून वाट करून दिली. त्या वाटेनं लाल रंगाचा एक नवा ट्रॅक्टर आला, मागे भरलेली ट्रॉली, बॉनेटला झेंडूचा हार, आणि सीटवर गॉगल लावलेला भाऊसाहेबांचा पुतण्या.

मग वच्छलाबाई आपल्या गाडीवरून उतरल्या. बारीक अंगाची, साठीकडची बाई, डोक्यावर पदर घट्ट. ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी काळजीनं विचारलं, "कोणता बैल आजारी आहे, बाबू? पुढचा का मागचा?"

त्यानंतर जे हसणं सुरू झालं तसं मी आजवर ऐकलेलं नाही. चार-चार दिवस उन्हात बसलेली माणसं होती ती. त्यांच्याकडे हसण्यासारखं फार काही नव्हतं त्या वर्षी. एकानं रेडिएटरला हात लावून ताप बघितला. एकानं चारा आणून बॉनेटवर ठेवला. कोणीतरी खरंच पलीकडच्या गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन आलं. तो बिचारा पिशवी घेऊन गर्दीतून वाट काढत "ढोर कुठं आहे, ढोर कुठं आहे" विचारत होता, त्यानं हसणं आणखी वाढलं. कोणी पुतण्याला शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. शिवी दिली असती तर त्यानं उत्तर दिलं असतं. त्यानं गॉगल काढला, परत लावला, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घातला आणि रांगेच्या शेवटाकडे गेला. ट्रॉली लावून रिव्हर्स घेणं सोपं नसतं. तेही सगळ्यांनी बघितलं.

मी गजाननाला विचारलं, "बैलच का?"

"माणूस आजारी म्हटलं असतं त भाऊसाहेबांच्या घरी कोणी आजारी आहे असं झालं असतं. तसं वंगाळ कसं बोलावं?" तो म्हणाला. "आणि पाणी त पडून नाही राहिलं. बैलच उरला, मॅडम."

संध्याकाळच्या आत भाऊसाहेबांनी काळे साहेबांना फोन केला, काळे साहेबांनी मोहोड सरांना, आणि मोहोड सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. काळे साहेब फोनवर मला म्हणाले, "मॅडम, हे काय बोलतंय तुमचं मशीन?"

"जे दाबलं ते, साहेब."

"कारण बोलणं बंद करा."

क्लायंट क्लायंट असतो. मी दुसऱ्या दिवशी जाऊन कारणाचा आवाज बंद केला. कारण निवडायचं, पण भोंग्यावर फक्त नंबर. तासाभरात एक ट्रॉली तशी पुकारली गेली. ती फाटकाशी आली आणि तिथेच थांबली, कारण तिच्या पुढ्यात वच्छलाबाईंची गाडी आडवी होती. शेजारी आणखी दोन. बाजूला पन्नासेक माणसं उभी.

काळे साहेब बाहेर आले. "बाई, गाडी बाजूला घ्या."

"कारण आयकू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "काल सांगे, आज काहून नाही सांगत? कारण सांगा, आमी गाड्या सरकवतो."

साहेबांनी मऊ आवाजात नियम सांगितला. वच्छलाबाईंनी आपलं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. काटा रिकामा, तोलणारा हातावर हात ठेवून बसलेला, आणि पुकारलेल्या ट्रॉलीवाल्याला आपलं कारण काय ते स्वतःलाच माहीत नव्हतं. दुपारपर्यंत केंद्र ठप्प. शेवटी साहेब केबिनमध्ये आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "चालू करा."

"काय, साहेब?"

"बोलणं चालू करा त्यांचं."

मी एक ओळ परत घातली. ती ट्रॉली मागे गेली. भाऊसाहेबांचे फोन त्या दिवसानंतरही येत राहिले, पण गजानन म्हणायचा, "भाऊसाहेब, कारण तुमीच सांगा, मी दाबतो." मग तिकडून फोन ठेवला जायचा.

इस्माईलभाईंवरचा राग मात्र लगेच गेला नाही. आवाजावरचा भरोसा बसायला वेळ लागतो. तो बसला तो सीझनच्या शेवटाकडे. रांगेत एक म्हातारा तापानं फणफणला आणि बोलेनासा झाला. मुलाला गाडी सोडून जाता येईना, म्हाताऱ्याला ठेवता येईना. गजाननानं 'तातडी' दाबलं, पहिली टिकली निवडली. "कारण, माणूस आजारी" एवढं भोंग्यातून येईपर्यंत लोकांनी स्वतःच बैल सोडून गाड्या हातानं ढकलून बाजूला केल्या होत्या. वच्छलाबाई दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन आल्या होत्या आणि त्यांचा नंबर त्या दिवशी पुढचाच होता. त्यांनी गाडी वळवली आणि म्हाताऱ्याच्या मुलाला म्हणाल्या, "जा रे, माह्यं होईन सावकाश." मुलानं गाडी काट्यावर घेतली. म्हाताऱ्याला इस्माईलभाई स्वतः ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेले, भोंगा वाजवत. तो वाचला.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी उद्या नळ येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा गावानं घागरी भरल्या. मला हे सांगायला त्यांनी खास अकोल्याला फोन केला. नळ दुसऱ्या दिवशी आला, ती गोष्ट वेगळी. तो नगरपरिषदेचा विषय.

पुढच्या वर्षी काळे साहेबांची बदली झाली. कोणामुळे ते विचारू नका. नवे साहेब आले, त्यांनी प्रोग्राम बघितला, 'तातडी' दाबलं, खिडकीतल्या तीन टिकल्या बघितल्या आणि मला बोलावून घेतलं.

"सगळं छान आहे," ते म्हणाले. "फक्त या यादीत एक 'इतर' टाकून द्या."

मोहोड सर शेजारीच बसले होते. त्यांचं तोंड "होऊन" साठी उघडलं होतं. त्याआधी मी म्हटलं, "साहेब, टेक्निकली शक्य नाही."

"का?"

"डेटाबेस स्ट्रक्चर," मी म्हटलं.

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. मोहोड सरांनीही हलवली, त्यांना खरंच वाटलं असावं. आमच्या धंद्यात हे वाक्य फार जपून वापरावं लागतं, रोज वापरलं की लोक दुसरा प्रोग्रामर शोधतात. एक टिकली वाढवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.